टिश्यू कल्चर खजुराचं मधलं पान सुकतंय? फवारणीआधी पाणी थांबवा आणि हे बघा

जूनच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत मला आठवड्यातून दोन-तीन तरी फोन येतात आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य तेच असतं, ताई, रोपं आली तेव्हा हिरवीगार होती, आता मधलंच पान सुकायला लागलंय, काय फवारू? फोटो मागवला की फोटोत पिशवी चिंब ओली, खाली चिखल, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून कालच चिमूटभर युरियाही टाकलेला. आमची हार्डनिंगची, म्हणजे बाटलीतल्या रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावायची, शेड बडोद्याहून पादऱ्याला जाताना लागते, त्याआधी सहा वर्षं मी लॅबमध्ये लॅमिनार फ्लोसमोर (जंतुविरहित हवेच्या टेबलासमोर) बसून हीच खजुराची रोपं बाटलीत वाढवलीयत, म्हणजे बाटलीच्या आतलं आणि बाहेरचं दोन्ही हाताखालून गेलंय. एवढं खात्रीने सांगते की माझ्याकडे आलेल्या अशा रोपांमध्ये खरा रोग आधी आला असं फार कमी वेळा निघालं, बहुतेक वेळा पाणी आधी चुकलेलं असतं आणि बुरशी मागाहून येते. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा, फुकटातलं आधी, पैशाचं नंतर, औषध जवळपास शेवटी.

एक गोष्ट आधीच बोलून घेते. बियाचं रोप लावलं असतं तर एवढा जीव टाकायची गरज नव्हती, पण खजुरात नर वेगळा आणि मादी वेगळी, बिया लावल्या की साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि माद्यांची फळंही आईसारखी येतील याची काही खात्री नाही, आणि हे कळायला चार-पाच वर्षं जातात. बुंध्याला येणारे फुटवे आईसारखेच असतात पण एका झाडाला आयुष्यभरात मोजकेच येतात आणि तेही सुरुवातीच्या वर्षांत. म्हणून टिश्यू कल्चर. फुटव्याच्या आतला कोवळा शेंडा काढून त्यापासून रोपं तयार करायची, यात लॅबमध्येच काही वर्षं जातात, त्यामुळे रोप महाग पडतं. २०२४ च्या जानेवारीत कच्छच्या खारकेला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून तर आमच्याकडे डभोई, सावली, करजण या तालुक्यांतून सगळीकडून चौकशा वाढल्यात, बहुतेकांना बरही ही खजुराची जात हवी असते. (आपल्या मराठीत खारीक म्हणजे सुकवलेली, इथे गुजरातेत खारेक म्हणजे ताजी, पिवळी किंवा लाल, झाडावरून उतरवून तशीच खायची. पुण्याच्या नातेवाइकांना दर वर्षी समजावावं लागतं.)

आता लक्षणं

नीट बघा, कारण वरवर सगळं "सुकलंय" असंच दिसतं.

सगळ्यात बाहेरचं जुनं पान टोकाकडून वाळतंय, बाकी रोप ताठ आहे. याला हात लावू नका. बाटलीत असताना आलेली पानं बाहेर आल्यावर आज ना उद्या जाणारच, फक्त एकदम सगळी जायला नकोत.

पानं मरगळलेली, रंग उडालेला. दुपारी तीनला अशी दिसली आणि संध्याकाळी सावरली तर ते ऊन आहे. सकाळी सातला पण पडलेलीच असतील तर मूळ काम करत नाहीये, हे गंभीर.

सुरळी, म्हणजे मधलं न उघडलेलं पान, पिवळट किंवा तपकिरी होतंय आणि बुडाशी ओलसर लागतंय. सगळ्यात वाईट लक्षण हे, कारण खजुराला वाढणारा शेंडा एकच असतो. आंब्याचं टोक मोडलं तर बाजूने फुटतो, खजूर तसा फुटत नाही, गाभा गेला की रोप गेलं.

नवीन पान फिकट, जवळजवळ पांढुरकं, आणि जुनी पानं मात्र हिरवी. हा रोग नाही, खाली पीएचच्या इथे येते त्यावर.

पानांची टोकं जळल्यासारखी, आणि पिशवीतल्या मातीवर पांढरा थर. खार.

आणि शेवटचं, रोप हिरवंगार आहे पण तीन-चार महिने जागचं हललेलं नाही. याबद्दल लोक फोन करत नाहीत, पण करायला हवा, कारण पिशवीत काहीतरी बिघडलेलं असतं आणि ते पुढच्या उन्हाळ्यात बाहेर पडतं.

असं का होतं

बाटलीतलं रोप म्हणजे आयसीयूतलं मूल समजा. आत हवा दमट, शंभराच्या जवळ, जेवण तयार, लिटरला साधारण ३० ग्रॅम साखर घातलेलं मीडियम, वारा नाही, ऊन नाही. त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट बसतच नाही, पानाची रंध्रं उघडी ती उघडीच राहतात, बंद व्हायला शिकलेली नसतात, मुळं पांढरी लांब दिसतात पण त्यांना बारीक तंतू जवळजवळ नसतात. असं रोप बाहेर काढलं की पानातून पाणी भसाभसा जातं आणि मुळाला ते तेवढ्या वेगाने ओढता येत नाही. आपल्याला दिसतं सुकलेलं पान, आपण ओततो पाणी, पाण्याने पिशवीतली हवा जाते, आधीच दुबळं मूळ गुदमरून काळं पडतं, मग तर पाणी अजिबात चढत नाही, पान अजून सुकतं, आपण अजून पाणी ओततो. हे चक्र मी इतक्या शेडमध्ये बघितलंय की आता आत शिरल्या शिरल्या वासावरून कळतं.

म्हणून पहिल्या दिवशी एवढंच करा: आजारी रोपं बाकीच्यांपासून वेगळी ओळीत ठेवा, सावलीत, एक दिवस पाणी बंद, खत बंद, औषध बंद. कोणी कितीही सांगितलं तरी युरिया नाही.

मार्करची रेघ

ही तपासणी फुकट आहे आणि माझ्या मते बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

न पुसणारा मार्कर घ्या. सुरळी आणि तिच्या शेजारचं उघडलेलं पान जिथे एकमेकांना चिकटून असतात तिथे दोन्हींवरून जाईल अशी एकच आडवी रेघ मारा. तारीख पिशवीवर लिहा. आठ-दहा दिवसांनी बघा. सुरळीवरची रेघ शेजारच्या पानावरच्या रेघेपेक्षा वर सरकली असेल तर रोप जिवंत आहे, गाभा काम करतोय, मग बाहेरून ते कितीही भिकार दिसत असो. रेघ जिथल्या तिथे असेल तर काहीतरी अडलंय. थंडीत मात्र वीस-बावीस दिवस वाट बघा, खजुराला वाढायला ऊब लागते, तिशीच्या वरचं तापमान त्याला खरं मानवतं आणि डिसेंबर-जानेवारीच्या आपल्या रात्रींत तो अगदी मुंगीच्या पावलाने सरकतो.

हे का करायचं, तर पान खोटं बोलतं. पानावर जे दिसतं ते दोन-तीन आठवड्यांपूर्वी मुळाशी झालेलं असतं, आज काय चाललंय ते फक्त रेघ सांगते. डभोईकडचे एक काका आहेत, त्यांनी बरहीची १२० रोपं आणली होती, पावसाळ्यात तीसेक सुकली, त्यांच्या माणसाने "बेन, आ तो सुकाई गयां" म्हणत कंपोस्टच्या ढिगाकडे नेऊन टाकली. मी गेले तेव्हा ती तिथे आठ दिवस पडलेली होती, पिशवीसकट, आंब्याच्या सावलीत, कोणी पाणी घातलेलं नाही. मी म्हटलं रेघ तर मारून बघू. बारा दिवसांनी त्यातल्या एकोणीस रोपांची रेघ सरकली होती. शेडमध्ये रोज दोन वेळा पाणी घातलेल्यांपेक्षा ढिगावर टाकलेली बरी निघाली, काकांच्या डोळ्यात पाणी आलं आणि मलाही काही बोलता येईना. तेव्हापासून रेघ मारल्याशिवाय रोप फेकायचं नाही हे आमच्या शेडमध्ये ठरलेलं आहे.

रेघ मारताना नाकही वापरा. सुरळीच्या बुडाशी वास घ्या. आंबूस, सडका वास आला तर सुरळी दोन बोटांनी अगदी हलकी वर ओढून बघा, ओढायची म्हणजे बघायची फक्त, जोर लावायचा नाही. घट्ट बसलेली असेल तर छान. अलगद हातात आली आणि टोक तपकिरी, चिकट असेल तर ते गाभा कुजणं आहे, खालच्या तपासण्या त्या रोपासाठी नाहीत, थेट शेवटच्या भागाकडे जा. चांगल्या रोपांची सुरळी मात्र उगाच रोज ओढत बसू नका, त्यानेही इजा होते.

पाणी: पिशवी उचला

बोट घालून बघणं ठीक आहे पण वरचा एक इंच कोरडा असतो आणि तळाला चिखल असतो, बोटाला ते कळत नाही. पिशवी उचलायची. एक पिशवी पाणी देऊन निथळल्यावर उचला आणि वजन हाताला लक्षात ठेवा, मग तीच रोज उचला. निम्म्याच्या आसपास हलकी वाटली की पाणी, त्याआधी नाही. ज्याला हाताचा भरवसा नाही त्याने स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यावा, मीही पहिल्या वर्षी तेच केलं. पावसाळ्यात आमच्याकडे एकेका पिशवीला आठवडा आठवडा पाणी लागत नाही, मे महिन्यात तीच पिशवी रोज मागते, त्यामुळे "दिवसाला अमुक मिली" असा आकडा कोणी दिला तर तो पाळू नका.

पाणी कुठे पडतं तेही बघा. वरून झारीने किंवा पाइपने घातलं की सुरळीच्या खोबणीत पाणी साचतं, आणि संध्याकाळी घातलं तर ते रात्रभर तिथेच. गाभा कुजायला एवढं पुरतं. सकाळी, बुडाशी, पिशवीच्या कडेने. शेडला गळती असेल आणि थेंब नेमका त्याच रांगेवर पडत असेल तर ती रांग हलवा, मी एकदा आख्खी दुपार औषधाचा विचार करण्यात घालवली आणि कारण निघालं पत्र्याचं भोक.

पिशवीची भोकं आणि खालची जमीन

पिशवी आडवी करून भोकं बघा. किती तरी पिशव्यांना भोकं वरच्या बाजूला असतात, तळाचे तीन इंच म्हणजे वाटीच. काही वेळा भोकं असतात पण पिशवी काळ्या प्लास्टिकवर ठेवलेली असते आणि प्लास्टिकला खळगे पडून त्यात पाणी. बडोद्याच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला, पादरा-करजणच्या काळ्या जमिनीवर तर पिशव्या थेट ठेवूच नका, पावसाळ्यात खालून ओल वर चढते. गोराडू (हलकी, निचऱ्याची) जमीन असेल त्यांना हा त्रास कमी. विटांवर फळ्या टाका, किंवा चार इंच खडी. दोन तासांचं काम आहे आणि माझ्या अनुभवात निम्म्या शेड इथेच सुधारतात.

पिशवीची खोली पण मोजा. खजुराचं मूळ सरळ खाली जातं, बुटकी पिशवी दिली तर ते तळाला आपटून गोल गोल फिरतं आणि रोप थांबतं. ते "हिरवं आहे पण हलत नाही" वालं लक्षण बऱ्याचदा हेच असतं. अरुंद चालेल पण एक फूट तरी खोल हवी.

सावली, वारा आणि घाई

रोप कधी आलं, प्लास्टिकच्या टनेलमधून कधी काढलं, नेट कधी बदललं, या तारखा लिहून काढा. लिहिल्यावर बऱ्याचदा उत्तर समोरच असतं. बाटलीतून आलेल्या रोपाची दमट हवा एकदम काढायची नसते, आम्ही चार ते सहा आठवडे लावतो, आधी टनेलची एक कड सकाळी तासभर उघडी, मग दोन तास, मग दोन्ही कडा, मग रात्री उघडं, मग टनेल काढून टाकायचा. सावली ७५ टक्के नेटपासून ५० टक्क्यांवर यायची. घाई केली की आठ दिवसांत पानं कागदासारखी होतात.

याच्या उलट चूक पण तितकीच होते, टनेल काढायचाच नाही, फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारं यंत्र) चालूच ठेवायचा, कारण रोप आत छान दिसतं. छान दिसतं पण शिकत काहीच नाही, आणि दमट बंद हवेत बुरशीची मजा होते. नवरात्रात तर हमखास, संध्याकाळपासून सगळी माणसं गरब्याच्या तयारीला, फॉगर टायमरवर, ऑक्टोबरचं ऊन दिवसा आणि आत रात्रभर वाफ. त्या नऊ दिवसांत एका माणसाने तरी रोज सकाळी टनेल उघडायलाच हवा, आम्ही पाळ्या लावतो.

लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, चालते तेव्हा, एप्रिल-मेमध्ये, शेडच्या पश्चिमेकडच्या पहिल्या दोन रांगाच सुकल्या असतील तर दुसरं काही शोधू नका, त्या बाजूला नेटचा पडदा लावा.

टीडीएस मीटर

इथून पैसे लागायला सुरुवात, पण थोडेच. पाण्यात विरघळलेला खार मोजणारा टीडीएस मीटर मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्यांकडे पण मिळतो. "खजूर तर खाऱ्या पाण्यावर येतो" हे सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, मोठं झाड जमिनीतला खार ४ डेसीसीमेन्स प्रति मीटरपर्यंत (हे खार मोजायचं माप) उत्पादन न घटता सोसतं, बहुतेक फळझाडं याच्या निम्म्यातच हात टेकतात. पण ही गोष्ट मोठ्या झाडाची. हार्डनिंगमधलं रोप अजून दूध पितंय, त्याला ते पाणी नको. माझा स्वतःचा नियम असा की ५०० पीपीएमच्या आतलं पाणी बिनधास्त, १०००च्या वर गेलं की टाकीत पावसाचं किंवा आरओचं मिसळून द्यायचं. आमच्या बोअरचं पाणी मे महिन्यात १४०० ला जातं आणि पावसानंतर ७०० ला येतं, म्हणजे एकदा मोजून भागत नाही.

आता पिशवीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मुठीत घ्या, डिस्टिल्ड वॉटरने ओलं करा, पिळा, त्या पाण्यात मीटर घाला. लोकांना धक्का बसतो. नारळाच्या काथ्याच्या भुश्यात मुळातच सोडियम-पोटॅशियम असतं, कोकोपीटची न धुतलेली, दाबलेली स्वस्त वीट असेल तर बोअरचं पाणी गोड वाटावं इतका खार. वीट पाण्यात फुगवून, निथळून, असं दोन-तीन वेळा धुवायचं, मग ५ किलोच्या विटेला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट १० लिटर पाण्यात करून रात्रभर भिजवायचं म्हणजे कॅल्शियम आत बसतं आणि सोडियम सुटतं, मग पुन्हा धुवायचं. रोपं आधीच भरलेली असतील तर चांगलं पाणी पिशवीच्या दुप्पट मापाने हळूहळू एकदा वाहू द्या आणि मग आठवडाभर हात आखडता. पण भोकं नीट नसतील तर हे करूच नका, म्हणून ती तपासणी आधी सांगितली.

नवीन पान पांढुरकं असेल तर पीएच बघा. आपल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, पीएच चढतो आणि लोह मातीत असूनही मुळाला मिळत नाही. साधं ईडीटीए वालं लोहाचं खत पीएच साडेसहाच्या वर टिकत नाही, ईडीडीएचए वालं घ्या, लालभडक रंगाचं असतं, महाग आहे पण अगदी थोडं लागतं. पुढचं पान हिरवं आलं की बंद.

रोप पिशवीतून काढून मूळ बघणं

आता हे धोक्याचं काम, म्हणून इतकं मागे ठेवलंय. सगळी रोपं काढू नका. एक बरं, एक मधलं, एक वाईट, अशी तीन. पिशवी बाजूने ब्लेडने कापा, रोप ओढून काढू नका, मूळ तुटतं.

चांगलं मूळ पांढरं किंवा फिकट पिवळं, टणक. गेलेलं मूळ काळपट, दाबलं की वरची साल सुटून आत दोरा राहतो. दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. मुळांवर पांढरे पिठाळ कण किंवा कडी दिसतात, ती बुरशी नाही, ते मुळाचे श्वास घ्यायचे भाग आहेत, ताडाच्या कुळात असतात. त्यावर औषध ओतलेली माणसं मी बघितलीयत. आणि दुसरं, मूळ कापल्यावर पाच-दहा मिनिटांत कापलेली बाजू तपकिरी होते, ती पण सड नाही, खजुरात फिनॉल भरपूर असतं, हवा लागली की काळं पडतं, सफरचंदासारखं. लॅबमध्ये याच कारणामुळे आम्ही मीडियममध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल घालतो, नाहीतर तुकडा स्वतःच्याच रसात मरतो. म्हणून मूळ कापल्याबरोबर लगेच बघा, चहा पिऊन येऊन नाही.

मुळांमध्ये जेलीसारखा गुठळा दिसला तर बाटलीतून काढताना मीडियम नीट धुतलेलं नाही. त्यात साखर आहे, बुरशीला आयतं जेवण. कोमट पाण्याच्या वाटीत अलगद धुवायचं, ब्रश नाही.

सडलेली मुळं निर्जंतुक कात्रीने कापून, नवीन मिश्रणात, निथळणाऱ्या पिशवीत, आधी होतं त्याच खोलीला लावा. हे फार महत्त्वाचं, रोप डुगडुगतंय म्हणून लोक खोल गाडतात आणि गाभ्यात माती जाते. डुगडुगत असेल तर काडीला बांधा. मग पुन्हा टनेलमध्ये, जणू आजच बाटलीतून आलंय, आणि नवीन रेघ.

औषध

हे सगळं झाल्यावर आणि मूळ खरोखर सडलेलं दिसलं तरच. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम पिशवीतल्या मिश्रणाला, किंवा चिखलात उभ्या राहिलेल्या रोपांना मेटालॅक्सिल-मॅन्कोझेब लिटरला २ ग्रॅम. दोन्हींपैकी एक. एकदा देऊन दहा-बारा दिवस थांबायचं, डब्यावरचं वाचायचं, हातमोजे आणि मास्क, शेडमध्ये लहान मुलं नकोत. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी) घालणार असाल तर बुरशीनाशकाच्या त्याच आठवड्यात नाही, एकाने दुसरा मरतो. सुरळीत औषध ओतून ठेवायचं नाही. आणि चार औषधांचं एकत्र मिश्रण तर नाहीच, त्यातून काय लागू पडलं आणि काय जाळून गेलं ते कोणालाच सांगता येत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

सुरळी हातात आली, सडका वास आहे, आणि असं एकापेक्षा जास्त रोपांत: थांबा. ती रोपं लगेच दूर करा, कात्री-ब्लेड स्पिरिटने पुसा, आणि वनस्पती रोगतज्ज्ञाला दाखवा. फ्युजॅरियम, फायटोफ्थोरा, थिएलॅव्हिऑप्सिस हे कुजवणारे रोगजंतू, तिन्ही नुसत्या डोळ्यांना सारखे दिसू शकतात आणि तिन्हींचं औषध एकच नाही. ते लॅबमध्येच वाढवून बघावं लागतं.

एकाच लॉटमधली रोपं एका आठवड्यात भराभर जायला लागली, आणि दुसऱ्या लॉटची तुमच्याच पाण्यावर, तुमच्याच शेडमध्ये ठणठणीत आहेत: ज्या लॅबकडून घेतली त्यांना त्याच दिवशी कळवा, फोटो, लॉट नंबर, बिल. खरेदी करतानाच राष्ट्रीय प्रमाणन योजनेचं लेबल मागा, टिश्यू कल्चर रोपांसाठी केंद्र सरकारने ही योजना २००६ पासून आणलीय. मला एकदा बिनलेबलाची रोपं स्वस्तात मिळाली होती आणि मी घेतली होती, तक्रार करायला माझ्या हातात एक कागद नव्हता.

पानावर पांढरे पट्टे, रोप खुजं, किंवा एखादंच रोप बाकीच्यांपेक्षा विचित्र रुंद पानांचं: याला पाणी, खत, औषध काही लागू पडत नाही. लॅबमधल्या वाढीत कधी कधी रोपाचा स्वभावच बदलतो. बरहीत हे जास्त नोंदलं गेलंय, झाड मोठं होतं, फुलं येतात आणि एका फुलातून तीन-तीन बिनबियांची बारकी फळं लागतात. पट्टे आणि खुजेपणा हार्डनिंगमध्येच दिसतो, असं रोप शेतात लावू नका, लॅबला परत द्या आणि शंका असेल तर डीएनए तपासणी त्यांना करायला सांगा.

रोप शेतात गेलंय आणि बुंध्याला भोक, त्यातून चिकट तपकिरी रस किंवा चावलेला भुसा दिसतोय: लाल सोंड्या भुंगा असू शकतो. स्वतः तार घालून, भोकात काहीबाही ओतून बसू नका, आतली अळी दिसेपर्यंत शेजारच्या चार झाडांत गेलेली असते. कृषी विज्ञान केंद्राला किंवा बागायत खात्याला लगेच कळवा. वाळवी मात्र तुम्ही स्वतः आवरू शकता, कच्चं शेणखत खड्ड्यात घालू नका एवढं पाळलं तरी अर्धा त्रास वाचतो.

आपल्याला बडोद्याहून आणंदचं कृषी विद्यापीठ तासाभरावर आहे, तिथे रोगनिदानाला नमुना नेता येतो. खास खजुराचं विचारायचं असेल तर कच्छमध्ये मुंद्र्याचं खजूर संशोधन केंद्र आणि भुजजवळ कुकम्याचं सेंटर ऑफ एक्सलन्स, दूर आहेत पण तिथल्या माणसांनी आयुष्य खजुरातच काढलंय.

नमुना नेताना पूर्ण मेलेलं रोप नेऊ नका, त्यात मूळ रोगाच्या वर दुसऱ्या बुरशा चढलेल्या असतात आणि तपासणीत त्याच येतात. अर्धं जिवंत रोप, पिशवीसकट, मातीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून न्या, ओल्या प्लास्टिकमध्ये बांधलं तर दोन तासांत घाम सुटून सगळं आंबतं. सोबत तुमच्या पाण्याची एक लिटरची बाटली, तारखांचा तो कागद, आणि गेल्या महिन्याभरात जे जे टाकलं त्याची खरी यादी, लाज वाटते म्हणून युरिया लपवू नका. आणि त्याच रांगेतलं, त्याच लॉटचं एक चांगलं रोपही न्या, शेजारी ठेवायला चांगलं असल्याशिवाय समोरच्याला वाईट किती वाईट आहे ते कळत नाही.